बी बाजू

निपाणीत, अक्कोळ रस्त्याच्या एका वखारीत
मी रात्रपाळीचा कारकून होतो, तेव्हाची ही कॅसेट.
बेळगावला, कॅम्पात, इग्नेशस रॉड्रिग्जनं भरून दिली.
"इंग्लिश हाय, पण नाचायचं न्हाई.
अंधारात ऐक, मग सांग की."
बारा रुपये घेतले. बँडचं नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं,
ते माझ्या घामानं आठवड्यातच गेलं.
एकोणीस वर्षं मी ज्यांना ऐकलं
त्यांना काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

ड्रम माणूस वाजवत नव्हता, यंत्र होतं.
हे मला पहिल्याच गाण्यात कळलं,
कारण आमची तंबाखूची चाळण तशीच वाजायची,
न थकता, न चिडता, दिवाळीलाही तसंच.
बेस पुढं चालायचा, हातात कंदील असल्यासारखा.
गिटार मागनं, ओली साखळी ओढत.
आणि गाणारा आडात उतरून गायचा.
तळाला पोचला की वर बघायचा,
वर यायचा नाही.

शब्द चारच कळायचे. रात्र, खिडकी, नको,
आणि कुणाचं तरी नाव,
जे बहुतेक नाव नसावं.

वखारीला उंच पत्रा, वर झरोके.
बोदांच्या थप्प्या छताला भिडलेल्या.
आवाज त्यांच्यात शिरायचा, मऊ होऊन यायचा,
तंबाखूचा खाट लागलेला.
तिसऱ्या गाण्यात मला शिंक यायची, दर वेळी.
अजून येते. त्याला काय करणार.

गंगव्वा कांबळे पहाटे झाडायला यायची.
एकदा केरसुणी टेकवून उभी राहिली, दोन गाणी पुरती.
"कोण मेलंय ह्याचं?"
कुणी न्हाई, मावशी.
"मग रडतोय का?"
थोडं थांबून म्हणाली, "रडतोय पर झ्याक."
त्या रेकॉर्डबद्दल याहून बरं
मी आजवर कुठं ऐकलं नाही.

बी बाजूला शेवटचं गाणं लांब.
सगळी वाद्यं एकेक करून विझत जातात,
आवाज एकटा राहतो, श्वास घेतो,
आणि तिथंच तुटतं.
इग्नेशसची टेप पुरली नव्हती.
तुटल्यावर, खालच्या जुन्या भरणीतून,
एक बाई दोनच शब्द बोलते, कन्नडात,
घाईत, घरातल्या माणसाला सांगावं तसं:
बागला हाकु.
दार लाव.
मग खरखर. मग खटका.

मी उठून वखारीचं दार बघून यायचो.
लावलेलंच असायचं.
तरी उठायचो.

परवा पुतण्यानं फोनवर शोधून काढलं ते सगळं.
नाव कळलं. चौघांचा एक फोटो, काळे कपडे, पोरंच होती की.
आवाज धुतल्यासारखा लख्ख.
दुसऱ्या गाण्याआधी कुणीतरी खोकतं, तेही ऐकू आलं.
आणि शेवटचं गाणं पुरं ऐकलं.
श्वासानंतर अजून चार मिनिटं आहेत त्याला.
तो वर येतो. आडातून चक्क वर येतो,
गिटारी उजळतात, मागं माणसं गायला लागतात.
चांगलं आहे. खोटं कशाला बोलू,
डोळ्यांत पाणी आलं.
पण संपलं, तर नुसतं संपलं.
फोननं लगेच दुसऱ्याच कुणाचं काहीतरी सुरू केलं.

इग्नेशसच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
त्याची लेक म्हणाली, पप्पा जुन्या कॅसेटी किलोवर आणायचे,
कुणाच्या कोण जाणे.
मी त्या बाईचा आवाज करून दाखवला.
ती हसली. मीही हसलो. बसस्टँडवर आलो.

कॅसेट आता चालत नाही, पट्टा सुटलाय.
रात्री फोनवरच लावतो, शेवटपर्यंत.
ती माणसं गाऊन थांबली की
पुढचं लागायच्या आत मीच म्हणतो,
माझ्या मोडक्या कन्नडात:
बागला हाकु.
आतनं बायको म्हणते,
"लावलंय की."